पंधरा सेकंद गुणिले चार

आमच्या लेबर रूममध्ये एक नियम आहे. शेवटच्या तीन महिन्यांत शिकवणाऱ्या बाईने आपले हात मागे घ्यायचे. अक्षरशः पाठीमागे, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून उभं राहायचं. समोर शिकाऊ मिडवाइफ बाळंतपण करत असते. तिचं चुकतंय असं नुसतं वाटलं तर बोलायचं नाही. आईला किंवा बाळाला धोका दिसला तरच पुढे व्हायचं. तीन महिन्यांनी ती मुलगी कुठल्यातरी तालुक्याच्या दवाखान्यात एकटी असणार, तिथे तिच्या मागे कोणी उभं नसेल, म्हणून हा नियम.

मी बेंगळुरूत येऊन तेवीस वर्षं झाली. त्यातली चौदा या शिकवण्यात गेली. आधी नर्सिंगच्या मुलींना शिकवत होते, नंतर मिडवाइफचा दीड वर्षाचा कोर्स आला तेव्हा तिकडे गेले. नर्सिंग करून वॉर्डात काही वर्षं काढलेल्या बायका या कोर्सला येतात. शेवटी प्रत्येकीच्या नोंदवहीवर माझी सही लागते. सहीच्या वर एकच वाक्य छापलेलं असतं : ही एकटीने बाळंतपण करू शकते. आजवर एक्केचाळीस वह्यांवर मी सही केली आहे. ही बेचाळिसाव्या वहीची गोष्ट.

ती निपाणीच्या बाजूची होती. वय एकतीस. घरी मराठी, शाळा कानडी. पहिल्याच दिवशी तिने मला अक्का म्हटलं.

"इथे सगळे मॅडम म्हणतात," मी म्हणाले.

"बरं अक्का," ती म्हणाली.

तिच्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी बघतो' असं पुरुषासारखं बोलतात. मी सोलापूरची, मला ते नवीन नव्हतं, पण बाकीच्या मुली हसायच्या. ती त्यांना म्हणायची, "हसा. कळा आल्यावर बाई कोणाला हाक मारतीय ते बघू." आणि बायका खरंच तिलाच हाक मारायच्या. हात उबदार, बोलणं मोकळं, घाई नाही. चौदा वर्षांत असे हात मी दोनदा किंवा तीनदा पाहिले असतील.

तिची सहा वर्षांची मुलगी गावी आजीकडे होती. जेवणाच्या सुट्टीत ती फोन भिंतीला टेकवून मुलीशी बोलायची. मुलगी रोज विचारायची, "आई, तुझी परीक्षा अजून संपली नाय व्हय?" माझी सही झाली की तिला घरापासून अकरा किलोमीटरवरच्या तालुक्याच्या दवाखान्यात जागा मिळणार होती. मुलगी पहिलीत जाणार होती. शाळा उघडायच्या आत पोचायचं, एवढंच तिने ठरवलं होतं.

बाळाचे ठोके ऐकायला आम्ही या मुलींना मुद्दाम जुनी नळी देतो. मशीन आमच्याकडे आहेत, पण तालुक्याच्या दवाखान्यात ती बंद पडलेली असू शकतात. ही ॲल्युमिनियमची, कर्ण्यासारखी नळी. रुंद तोंड पोटावर टेकवायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, हात काढून घ्यायचा आणि घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं. कळ ओसरली की लगेच मोजायचं. बाळ दमलं असेल तर तेव्हा ठोके खाली जातात आणि सावकाश वर येतात. ते एका मिनिटात कळतं. पाव मिनिटात कळेलच असं नाही. मोजलेला आकडा वहीत लिहायचा. एकशे दहा ते एकशे साठ असला तर ठीक.

एप्रिलमधली दुपार होती. चोवीस वर्षांची मुलगी, पहिलं बाळंतपण. नवरा बेळ्ळंदूरजवळच्या एका सोसायटीत माळीकाम करायचा. तिची आई बाहेर बाकावर बसली होती. सकाळपासून सगळं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. मी कोपऱ्यात, हात मागे, घड्याळाच्या समोर उभी होते.

"साकु अक्का, साकु," पुरे झालं, असं ती मुलगी कळवळून म्हणत होती.

"मला सांगून काय उपयोग?" माझी विद्यार्थिनी कानडीत म्हणाली. "आत जे बसलंय त्याला सांग साकु म्हणून." कळांमध्येसुद्धा ती मुलगी हसली. मग नळी, कान, आणि माझ्याकडे न बघता आकडा : "एकशे चाळीस." पुढच्या वेळी एकशे छत्तीस. मग पुन्हा एकशे चाळीस.

तीन वाजून सहा मिनिटांनी बाळ झालं. मुलगी. नाळेचे गळ्याला दोन वेढे होते, ते तिने सफाईने सोडवले. बाळ पांढरं आणि सैल होतं. मी हात पुढे घेतले. आम्ही दोघींनी श्वास द्यायला सुरुवात केली, चौथ्या मिनिटाला बाळांचे डॉक्टर आले. बावीस मिनिटं प्रयत्न केला. वजन दोन किलो आठशे भरलं. अंगावर कुठे काही कमी नव्हतं.

आईने बाळाला जवळ घेतलं आणि थोड्या वेळाने विचारलं, "मी चिकपेटला गेले होते म्हणून झालं का?"

आधीच्या रविवारी ती बहिणीच्या लग्नाची साडी घ्यायला चिकपेटला गेली होती. गर्दीत चालली, एका हमालाच्या गाठोड्याचा धक्का लागला. आई नको म्हणत होती, तरी गेली. हे सगळं ती त्या बाळाकडे बघत सांगत होती. माझ्या विद्यार्थिनीने तिचा हात धरून ठेवला होता. दोघींपैकी कोणी रडत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. असं बाळ गेलं की कागद काढून बसायचंच असतं. मुख्य डॉक्टरांनी नोंदी वाचल्या. ठोके शेवटपर्यंत व्यवस्थित. कळांचा वेळ व्यवस्थित. नाळेचे वेढे. 'टाळता येण्यासारखे नव्हते' असं लिहिलं गेलं. देखरेख करणारी म्हणून खाली मी सही केली. बाहेर आल्यावर विद्यार्थिनी म्हणाली, "अक्का, माझं काय चुकलं नाही न्हवं?" मी नाही म्हणाले, आणि तेव्हा मला तसंच वाटत होतं.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सर्जापूर रोडवरच्या आमच्या घरी मी तिची वही शेवटच्या सहीसाठी घेऊन बसले. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मिस्टर घेवडा निवडत होते. ते एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि रविवारची भाजी त्यांच्याकडे असते. वही तपासताना मी नेहमी रकाने वरून खाली वाचते, कारण आडवं वाचलं की डोळा चुका सोडून देतो. १४०, १३६, १४४, १३२, १३६, १४८, १४०. अर्धं पान झाल्यावर मला कसंतरी वाटायला लागलं. का ते कळायला अजून एक पान लागलं.

सगळ्या आकड्यांना चारने भाग जात होता.

शेवटच्या दहा बाळंतपणांतल्या ठोक्यांच्या नोंदी मी मोजल्या. एकशे बारा. पूर्ण मिनिट मोजलं असतं तर चारातल्या साधारण एका आकड्याला चारने भाग गेला असता. इथे एकशे बाराच्या एकशे बारांना जात होता. मी पेन्सिल खाली ठेवली. मिस्टरांनी वाकून बघितलं.

"हे रीडिंग कोण घेतंय? लीस्ट काउंट चार आहे तुमचा, चारपेक्षा बारीक मोजलंच जात नाही," ते म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले. त्यांना तो गमतीचा भाग वाटला.

मग मी वही उलटी चाळत मागे गेले, हे सुरू कुठून झालं ते बघायला. प्रत्येक वहीची पहिली काही पानं माझ्या अक्षरात असतात. मी करते, विद्यार्थिनी बघते. पहिल्या पाच पानांवर माझे आकडे होते : १३७, १४१, १३८, १४३. सहाव्या पानावर १४०, १४४, १३६, १३२. अक्षर माझंच. त्याच्या पुढच्या माझ्या सगळ्या पानांवर चारचे पाढे.

सहाव्या पानाची तारीख बघितली आणि तो दिवस आठवला. एका वेळी सात बायका कळांत होत्या आणि आम्ही शिकवणाऱ्या दोघी, त्यातली एक रजेवर. वही मी लिहीत होते, पण मोजायला तिला लावलं आणि म्हटलं होतं, "आज पंधरा सेकंद मोज आणि चारने गुण. आज स्वल्प ॲडजस्ट कर." वॉर्डात नाडी तशीच मोजतात, तिला सवय होती. तरीही तिने विचारलं होतं, "चालतंय काय अक्का?" मी म्हणाले होते, "आज चालतं."

ते 'आज' कधी संपलं ते मी तिला सांगितलं नाही. माझं स्वतःचंही संपलं नव्हतं.

आणि त्या एप्रिलच्या दुपारी मी घड्याळासमोर उभी होते. सेकंदकाटा बारावरून तीनवर आला की ती कान उचलत होती. मी ते दर वेळी पाहिलं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

सोमवारी मी तिला रुग्णालयामागच्या कँटीनमध्ये बोलावलं. दोन कॉफी घेतल्या. ती आनंदात होती, वही माझ्या हातात दिसत होती.

"सही झाली काय अक्का?"

"आधी बस. या पानावरच्या आकड्यांना चारने भाग."

"आता गणिताची परीक्षा घ्यायलाय काय? मी गणितात नापास हाय." तरी तिने बोट ठेवून एकेक आकडा भागला. अर्ध्यावर तिचं बोट हळू झालं. "सगळ्यांना जातोय," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हीच सांगितलासा की असं मोज म्हणून."

"सांगितलं होतं. त्या दिवसापुरतं."

"दिवसापुरतं म्हणाला नव्हता. आज चालतं म्हणालासा. दुसऱ्या दिवशी तुम्ही पण तसंच मोजलासा, मी बघत होतो. मला वाटलं, शिकलेल्यांची हीच पद्धत."

ती वही बंद करून त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. कॉफीवर साय आली.

"मिनिटभर ऐकलो असतो तर वाचली असती काय ती?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? तुम्ही शिकवता की. सांगा."

"म्हणजे तुलाही कळणार नाही, मलाही नाही. कदाचित ठोके खरंच व्यवस्थित असतील. कदाचित खाली जात असतील. आपण ऐकलंच नाही, तर कुठून कळणार?"

तिने वहीचा दुमडलेला कोपरा बोटाने सरळ केला. मग म्हणाली, "शाळा उघडायला सव्वीस दिवस हायत अक्का."

"मला माहीत आहे."

"मग सही नको म्हणता?"

"सही नाही करणार," मी म्हणाले. म्हणायला तीन-चार सेकंद गेले असतील. तिने कॉफी तशीच सोडली, वही माझ्याकडे सरकवली आणि उठली. जाताना खुर्ची नीट आत ढकलून गेली.

त्याच दिवशी मी मुख्य डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्या माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, चांगल्या आहेत. त्यांनी वही बघितली, कॅलक्युलेटर काढला, नंतर बाजूला ठेवला.

"कागद बंद झालाय," त्या म्हणाल्या. "तुमच्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं नसतं."

"म्हणून तर सांगतेय."

त्यांनी कागद पुन्हा उघडला. जुनं वाक्य खोडून 'ठोके पूर्ण मिनिट मोजलेले नसल्याने निष्कर्ष काढता येत नाही' असं लिहिलं. खाली माझी सही पुन्हा झाली. विद्यार्थिनीचे तीन महिने वाढले, दुसऱ्या शिकवणाऱ्या बाईंच्या हाताखाली. माझंही शिकवणं तेवढ्या काळापुरतं थांबवा असं मी स्वतःच लिहून दिलं. त्या तीन महिन्यांत मी बाळंतपणं केली आणि माझ्यामागे माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी हात मागे घेऊन उभी राहिली. पहिल्या दिवशी पंधरा सेकंदांनी माझा कान आपोआप उचलला गेला. तिने काही म्हणायच्या आत मी परत टेकवला.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी, बाळ गेलेली ती मुलगी तपासणीला आली, तिच्या आईबरोबर. मी दोघींना बाजूच्या खोलीत बसवलं. माझी कानडी शुद्ध नाही, म्हणून मी काय सांगायचं ते आधी कागदावर लिहून नेलं होतं. चिकपेटला गेल्यामुळे काहीही झालेलं नाही, हे पहिलं. त्या दिवशी बाळाचे ठोके जसे ऐकायला हवे होते तसे आम्ही ऐकले नाहीत, हे दुसरं. तसे ऐकले असते तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, हे तिसरं.

"हौदा?" असं का, एवढंच ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "म्हणजे तुम्ही नीट ऐकलं नाही."

"नाही ऐकलं."

"मी बहिणीच्या लग्नाला गेले नाही. ती साडी पण दिली नाही तिला. माझ्या हातून घेतलेली, कशाला द्यायची म्हणून पत्र्याच्या पेटीत ठेवली." तिने आईकडे बघितलं. आईने मान खाली घातली. नको जाऊ असं तीच म्हणाली होती, आणि नंतरही बहुतेक तेच बोलली असणार. "लग्न होऊन महिना झाला," ती मुलगी म्हणाली. "हे तुम्हाला आधी सांगता आलं नाही?"

तिने नवऱ्याला दाखवायला हे सगळं लेखी मागितलं. मी ते डॉक्टरांच्या सहीने, शिक्क्यासकट आणून दिलं. तिने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि दोघी गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

माझ्या विद्यार्थिनीबद्दल मला त्या काळात दुसऱ्या बाईंकडून कळायचं. पहिल्या महिन्यात सगळं चांगलं होतं. पूर्ण मिनिट, प्रत्येक वेळी. दुसऱ्या महिन्यात ती दोन मिनिटं ऐकायला लागली, मग तीन. एकदा बाळाचं डोकं दिसायला लागलं तरी तिचा कान नळीवरच होता, बाईंना तिला खांदा धरून उठवावं लागलं. आकडा सांगून झाला की ती मागे वळून बघायची आणि विचारायची, "बरोबर हाय न्हवं?" पूर्वी ती कधी मागे वळत नसे. बायकांशी बोलणंही कमी झालं, कारण बोलताना मोजणं चुकतं. शाळा उघडली तेव्हा तिची मुलगी आजीचा हात धरून गेली. तिने फोनवरचा फोटो सगळ्यांना दाखवला, मला नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी दुसऱ्या बाईंनी वहीवर सही केली. वही निर्दोष होती. मी मागून घेऊन पाहिली. त्याच आठवड्यात तिने मुख्य डॉक्टरांना अर्ज दिला : मला लेबर रूम नको, मला एकटीला नको. तालुक्याच्या त्याच दवाखान्यात लसीकरणाच्या खोलीत जागा होती, ती तिने मागून घेतली. डॉक्टरांनी खूप समजावलं म्हणे.

जायच्या दिवशी ती मला रुग्णालयाच्या फाटकाशी भेटली. हातात बॅग, पाठीवर दुसरी. बाहेर रिक्षावाला "होगोणा मेडम, होगोणा," चला म्हणून घाई करत होता.

"रागावलासा काय अक्का?" तिने विचारलं.

"मी कशी रागावू?"

"तसं न्हवं. एवढं शिकवलासा, आणि मी लस टोचायला चाललो."

मी म्हणाले, "तुझे हात चांगले आहेत. विचार बदलला तर मी स्वतः येऊन महिनाभर तुझ्याबरोबर राहीन."

"तुम्ही आलासा तर एकटी कुठं झालो मी?" ती म्हणाली आणि थोडं हसली. तिने बॅग रिक्षात टाकली आणि पाया पडायला वाकली, तसं मीच तिला जवळ घेतलं. माझ्या खांद्यावर तिने फार तर दोन श्वास घेतले असतील.

मागच्या महिन्यात मी तिला फोन केला. सकाळचे साडेअकरा, मागे पाच-सहा मुलं एकदम रडत होती.

"कशी आहेस?"

"बरी हाय. पोरगी अभ्यास करत नाही, बापावर गेलीय. इथं काम सोपं. अर्धा मिली, टोचलं, झालं."

"लेबर रूममध्ये कोण आहे आता?"

"कोण नाही. ती जागा तशीच हाय. बाळंतपणाच्या बायका इथनं मोठ्या दवाखान्याला लावून देतात."

"किती वेळ लागतो जायला?"

"दीड तास. रस्ता खराब असला तर दोन." मग ती थांबली. "परवा एक बाई गाडीतच बाळंत झाली," ती म्हणाली. "ड्रायव्हर मला बोलवायला आला होता. मी गेलो न्हाई अक्का."

कोणीतरी तिच्यापुढे पुढचं मूल आणून धरलं असावं, कारण रडणं अगदी फोनजवळ आलं. "ठेवतो," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.